चौकटचा एक्का आणि माझी तीन पुस्तकं

गंगूताई आणि भाजीवाली सिंधूबाई यांचा अबोला चालू होता, तेव्हाही आमच्या घरात भाजी सिंधूबाईचीच यायची. आठवडी बाजारात गंगूताई तिच्या पोत्यासमोर उभ्या राहायच्या, वांगं उचलायच्या, उलटंपालटं करून पारड्यात टाकायच्या. तोंडातून शब्द नाही. भाव विचारायचा असला की शेजारच्या मिरचीवाल्याला विचारायच्या, "काय भाव लावून राहिली ही?" मिरचीवाला सिंधूबाईला विचारायचा, ती त्याला सांगायची, तो ह्यांना सांगायचा. तिघांत अंतर हातभर. सिंधूबाई शेवटी हात जोडायची.

"ताई, आता बोला की वं. म्या त काही केलं बी न्हाई."

गंगूताई मिरचीवाल्याकडे बघून म्हणायच्या, "तिला म्हणावं, किडक्या वांग्याचं बोलले तर 'तुमच्या घरी जाऊन किडलं असंल' म्हणाली होतीस. आठव."

तो अबोला सिंधूबाईच्या लेकीच्या लग्नात संपला. गंगूताई खण-नारळ घेऊन जवळा बाजारला गेल्या, नवरीची ओटी भरली आणि सिंधूबाईला म्हणाल्या, "वांगी मसाल्याची केलीस, चांगली केलीस." बस. तिथून पुढे जसं काही झालंच नव्हतं. त्यांचं असंच आहे. अबोला मोडायला त्यांना निमित्त चालतं. कुणी माफी मागायला आलं की मात्र तो वाढतो.

तर ह्या गंगूताई म्हणजे माझ्या सासूबाई. औंढ्यात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हारवाले, नारळवाले, स्टँडवरचे जीपवाले, सगळे त्यांना ताईच म्हणतात. माहेर जवळा बाजारचं, शिक्षण सातवीपर्यंत, आणि हाताला चव अशी की त्यांच्या कारळाच्या चटणीसाठी पुण्याचे नातेवाईक नागनाथाच्या दर्शनाला येतात. दर्शन पाच मिनिटांत उरकतात. चटणीला थांबतात.

आणि मी त्यांची सून. बी.ए., मराठी विषय घेऊन. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस होतं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण मी सांगितलेलं आहे. पुष्कळदा सांगितलेलं आहे. माणसांशी बोलण्याची कला आपल्याला अवगत आहे, असा माझा समज त्या बक्षिसापासून सुरू झाला आणि आता जी गोष्ट सांगते आहे तिथपर्यंत टिकला.

गोष्ट सुरू झाली ओट्यापासून. स्वयंपाकघराचा जुना ओटा काढून आम्ही काळ्या ग्रॅनाइटचा केला. कामाच्या गडबडीत आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पाटा-वरवंटा अंगणात ठेवला होता. माहेरून आणलेला, मधे खोलगट झालेला. शेळ्या वळणारा खेमा आमच्याकडचा राडारोडा भरून न्यायला आला. त्याने विचारलं, "अण्णा, हा पाटा काहून भाईर पडला? न्यू का?"

अण्णा म्हणजे माझे सासरे, विष्णुपंत. जन्मभर कारकुनी केली, आता निवृत्त आहेत. पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "ने की. दगड तो, दुसरं काय."

आई तेव्हा देवळात होत्या. परत आल्या. अंगणातली रिकामी जागा बघितली. खेम्याच्या सुनेला पाट्याची गरज होती, ती खूश आहे, हे त्यांना कळलं. त्यावर त्यांची तक्रार नव्हती. "दिलेलं परत घेत नसतात. वापरू दे तिला," म्हणाल्या. मग अण्णांकडे वळल्या. "मला विचारलं का नाही?"

अण्णा पेपरातूनच म्हणाले, "अगं, दगडच तर होता."

हे दुसऱ्यांदा. एकदा 'दगड' म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

त्या दिवसापासून घरात मी टेलिफोन एक्स्चेंज झाले. जेवायला बसलं की अण्णा छताकडे बघून म्हणायचे, "कुणाला तरी म्हणावं, आमटीत मीठ कमी आहे." आई चुलीकडे, म्हणजे आता गॅसकडे, तोंड करून म्हणायच्या, "कुणाला तरी म्हणावं, मीठ ताटात वाढलेलं आहे, घ्यायला हात आहेत." आणि मधे मी, दोन्हीकडे बघून, "अण्णा, मीठ ताटात आहे. आई, त्यांना मिळालं." माझी लेक गुंजन आठवीत आहे. ती म्हणायची, "आई, तू रिपीट का करतेस? दोघांना ऐकू येतं." तिला अजून संसार कळत नाही. अबोल्यात ऐकू येणं मोजत नाहीत. निरोप पोचावा लागतो.

आमचे हे सेनगावला खतं-बियाण्यांच्या दुकानात काम करतात. घरात वातावरण तापलं की ह्यांना हमखास दुकानातल्या सोयाबीनच्या पिशव्या मोजायची आठवण येते. त्या काळात सेनगावात इतकी मोजदाद झाली, की मालकाने ह्यांचं कौतुक केलं.

ह्या सगळ्याला मी हसूनच घेतलं असतं. पण औंढ्यात डोळ्यांचं शिबिर भरलं आणि हसण्यातली मजा गेली. आईंना मी बळेच घेऊन गेले. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा चांगलाच पिकलाय. लांबवू नका, मग ऑपरेशन अवघड होऊन बसतं." शिबिराची गाडी पुढच्या आठवड्यात नांदेडला जाणार होती. ऑपरेशन करून आणून सोडणार, बरोबर घरचं एक माणूस हवं.

"मी येते, आई," मी म्हटलं.

"तू काहून? लग्नात माझा हात त्यांच्या हातात दिला होता, तुझ्या नाही. त्यांना म्हणू दे, चल म्हणून. मग जाईन."

मी एक्स्चेंजचं काम केलं. अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "तिला यायचं तर तोंड उघडून तिने म्हणावं. मी काय नाही म्हणतो? आणि तुला सांगू का, तिला सगळं दिसतं. परवा मी कारल्याची फोड ताटाखाली सरकवली, बराबर पकडली तिने. हे डोळ्याचं दुखणं नाही, हट्टाचं आहे."

गाडी आली आणि गेली. आई त्या दिवशी अंगणात बसून तांदूळ निवडत होत्या. बोटांनी निवडत होत्या. नजर समोर, दाराकडे. मी ते बघितलं. पुढची गाडी महिन्याने होती. महिन्याभरात ह्या दोन माणसांपैकी एकाने तोंड उघडायला हवं होतं, नाहीतर पिकलेला डोळा अजून पिकणार होता.

आणि मग उत्तेजनार्थ बक्षीसवाली पुढे सरसावली. आपण ह्यात शास्त्रशुद्ध काहीतरी केलं पाहिजे, असं मला वाटलं. हिंगोलीला एका मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. गुंजनला घेऊन मी एसटीने निघाले.

प्रदर्शनवाल्याचं नाव हरिचंद. चष्मा कपाळावर, आणि गिऱ्हाइकाची नाडी ओळखणारा माणूस.

"क्या चाहिए ताई? पाककृती? रांगोळी? व्रतवैकल्य इकडे आहेत."

मला जरा रागच आला. "संवाद कौशल्य," मी म्हटलं.

"मुलाखतीसाठी? पोरगं नोकरीला लागून राहिलंय का?"

"नाही. नवरा-बायकोमधला संवाद."

त्याने चष्मा डोळ्यावर घेतला आणि आवाज खाली आणला. "नवविवाहितांसाठी ह्या कोपऱ्यात आहेत, ताई. कागदात बांधून देतो, कुणाला दिसत नाही."

गुंजन अत्यंत आवडीने ऐकत होती. तिला मी कोड्यांच्या पुस्तकांकडे पिटाळलं. "माझ्यासाठी नाही हो. माझ्या सासू-सासऱ्यांसाठी. सत्तरीच्या पुढे आहेत."

हरिचंदने चष्मा परत कपाळावर चढवला. "सत्तरीच्या पुढे बोलत नाहीत? ताई, लोक ह्यासाठी नवस बोलतात."

मी चाळायला लागले. एका पुस्तकावर टाय लावलेला माणूस हसत होता. आत म्हटलं होतं, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा. आमच्याकडे एकाच्या डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्याचे डोळे पेपरात. दुसऱ्या पुस्तकात 'मतभेद मिटवण्यासाठी दोघांनी कॉफी प्यायला बाहेर जावं' असं होतं. औंढ्यात कॉफी प्यायला बाहेर कुठे जाणार? स्टँडवर गेलं तर चहा, आणि चहा पाजणारा अख्ख्या गावाला सांगणार. तिसरं मला पटलं. त्यात 'तू असं केलंस' ऐवजी 'मला असं वाटलं' म्हणा, अशी शिकवण होती. जागोजाग चौकटीत वाक्यं दिली होती, नुसती उचलून वापरायची. मला तयार वाक्यांची भारी ओढ. ते घेतलं.

मग गुंजनने एक जाडजूड कोड्यांचं पुस्तक आणलं. शब्दकोडी, अंककोडी, चित्रातले फरक ओळखा. अण्णा कोडं सोडवताना अडतील, आईंना विचारतील, बोलणं सुरू होईल, असा मी मनात नकाशा काढला. आणि तिसरं पुस्तक कौटुंबिक उपक्रमांचं. 'सर्व वयोगटांसाठी' असं वर लिहिलेलं होतं, त्याच्यावर माझी भिस्त होती. घरी आल्यावर नीट उघडलं, तर पहिला उपक्रम जुन्या मोज्यांच्या बाहुल्या. आमच्या घरात गुंजनच्या शाळेच्या मोज्यांशिवाय मोजे नाहीत, आणि त्यांच्यापासून बाहुली करायला कुणी धजलं नसतं. दुसरा उपक्रम, समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्यांचा आकाशकंदील. हिंगोली जिल्ह्यात. मी पुस्तक घेताना काय बघितलं होतं, कोण जाणे. मुखपृष्ठावरचं कुटुंब फार छान हसत होतं.

हरिचंदने पिशवी देताना विचारलं होतं, "ताई, तिन्हींतलं कोणतं आधी वाचणार?"

"संवादाचं."

"ते आवडलं नाही तरी परत घेत नाही हं."

दुसऱ्याच दिवशी मी सुरुवात केली. अण्णा आईंना उद्देशून माझ्याकडे बघून म्हणाले होते, "कुणाला तरी म्हणावं, धोतर वाळत घातलं ते पिळून तरी घालावं." मी स्वयंपाकघरात गेले आणि पुस्तकातलं वाक्य बसवून निरोप दिला. "आई, अण्णा म्हणतात, की तुम्ही घरासाठी जे करता त्याबद्दल मला कृतज्ञता वाटते आणि तुमच्या भावनांची मला कदर आहे."

आईंनी लाटणं खाली ठेवलं. "कोण म्हणतं?"

"अण्णा."

"भावना म्हणाले ते? ह्याच तोंडाने?"

"हो."

त्या उठल्या. माझा आनंद बघायला हवा होता. त्या दारापर्यंत गेल्या, तिथून बाहेरच्या धूसर आकृतीकडे निरखून बघितलं आणि हळूच मला म्हणाल्या, "त्यांचं बीपी बघ. नागेश डॉक्टरांना बोलाव. मागे त्यांचे वडील जायच्या आधी असंच गोड बोलायला लागले होते."

डॉक्टर आले. बीपी बराबर निघालं. अण्णांनी विचारलं, "डॉक्टरला कुणी बोलावलं?" मी म्हटलं, "मला असं वाटलं." निदान एकदा तरी वाक्य पुस्तकाप्रमाणे वापरलं.

कोड्यांचं पुस्तक अण्णांना दिलं. त्यांनी ते कचेरीतली फाइल घ्यावी तसं घेतलं, पेन्सिलीला टोक केलं आणि बसले. ते अडतील म्हणून मी दाराआड दबा धरून राहायची. ते अडले नाहीत. उलट, शेवटच्या पानावरची उत्तरंच तपासून त्यातल्या चुका लाल शाईने दाखवल्या आणि प्रकाशकाला लिहायला मला सांगितलं. एक चित्रकोडं मात्र मी आईंच्या हातात नेऊन दिलं. "आई, दोन चित्रांत फरक शोधायचे."

त्यांनी पान लांब धरलं, जवळ आणलं, आडवं केलं. "बारीक छापलंय मेल्यांनी," म्हणाल्या आणि पुस्तक माझ्याकडे दिलं. मग पदराने डोळा टिपला. पाणी येत होतं त्यातून हल्ली. "अण्णांना सांगू?" मी विचारलं. "काय सांगणार? आंधळी झाली म्हणून? खबरदार. दया आली म्हणून बोललेलं मला नको."

म्हणजे आता माझ्याकडे संवादाचं पुस्तक होतं, आणि जे सांगायला हवं होतं तेच सांगायची बंदी होती.

राहिलं तिसरं पुस्तक. शिंपले आणि मोजे ओलांडून मी पुढे गेले तेव्हा एक उपक्रम मिळाला, ज्याला बाजारातून काही आणायचं नव्हतं. 'डोळे बांधा आणि स्पर्शाने ओळखा.' एका परातीत वस्तू ठेवायच्या, प्रत्येकाने पट्टी बांधून ओळखायच्या. रविवारी हेसुद्धा घरी होते. मी सगळ्यांना बसवलं. अण्णा 'हा काय पोरखेळ' म्हणत का होईना, बसले. त्यांनी डोळे बांधून जायफळाला सुपारी म्हटलं, मुगाला हरभरे म्हटलं आणि रागावून पट्टी काढली. ह्यांनी गुंजनच्या रिबिनीला दोरी म्हटलं. मग आईंची पाळी.

आईंनी पट्टी बांधून घेतली आणि परातीत हात घातला. "जिरं. ओवा, जुना आहे, फेकून दे. ही तुरीची डाळ, ही आपली नाही, दुकानची आहे. हे जायफळ, किडलंय एका बाजूने. ही गुंजनची रिबीन, उसवलीय. हे काय, चिंचोका, कुणी ठेवला, घरात ठेवू नये." हात फिरतोय आणि तोंड चाललंय. गुंजनने टाळ्या वाजवल्या. ह्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मग अण्णांकडे लक्ष गेलं.

अण्णा छताकडे बघून प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "बघितलंत? डोळे बांधूनसुद्धा हिला सगळं दिसतं. आणि म्हणे ऑपरेशन."

टाळी माझ्या हातातच राहिली. मी स्वतः पैसे खर्चून, हिंगोलीहून पिशवीत घालून, त्यांच्यासाठी पुरावा आणला होता. गाडी यायला आता पाचच दिवस उरले होते. हे हळूच म्हणाले, "सोयाबीनचा स्टॉक..." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. गुंजनला शाळेला सुट्टी, टीव्ही बंद, मोबाइल संपलेला. ती घरभर फिरत म्हणत होती, "बोअर होतंय." मी तिसरं पुस्तक रद्दीत टाकायच्या विचाराने हातात घेतलं होतं. त्याच्या शेवटच्या पानावर लेखकाने दमून लिहिल्यासारखं एकच वाक्य होतं, की काहीच नसेल तर घरात असलेला एखादा जुना खेळ काढा. मी कोनाड्यातून पत्ते काढले. ह्याचं श्रेय पुस्तकाचं का लाइट गेल्याचं, ह्यावर माझ्यात आणि गुंजनमध्ये अजून वाद आहे.

"मेंढीकोट," आई म्हणाल्या. पत्त्यांचा आवाज ऐकूनच त्या उठून आल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेंढीकोटात चौघं बसतात, समोरासमोरचे भिडू. चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, आपल्याकडे ओढायच्या. आणि भिडूशी बोलायचं नाही. खूण करायची नाही. भिडूच्या मनातलं ओळखून पान टाकायचं. भिडू ठरवायला पानं उचलली. मी आणि गुंजन एकीकडे आलो. आई आणि अण्णा एकमेकांसमोर.

अण्णा घुटमळले. आईंनी चटई झटकली आणि बसल्या. न बोलण्याचाच खेळ असल्यामुळे दोघांनाही हरकत घ्यायला जागा नव्हती.

आणि काय खेळले! अण्णा पान टाकायच्या आधी आईंच्या हाताकडे बघायचे. आईंच्या हाताचा अंगठा ज्या पानावर, ते भारी पान, हे त्यांना पाठ होतं. आई काळी पानं भराभर टाकत होत्या. लाल पानं जरा अंदाज घेत, अण्णांनी काय टाकलं ते गुंजनच्या तोंडून ऐकून. गुंजनला प्रत्येक पान मोठ्याने म्हणायची सवय आहे. "आजोबांची इस्पिक सत्ती! आईचा इस्पिक गुलाम!" त्या सवयीवर आई खेळत होत्या, हे मला दिसत होतं. अण्णांना दिसत नव्हतं. ते मजेत होते. पहिला डाव त्यांनी जिंकला. दुसऱ्यात दोन मेंढ्या त्यांच्या झाल्या आणि हुकूम होता इस्पिक.

अण्णांनी चौकटची दश्शी उतरवली. ही मेंढी कुणी उगाच उघड्यावर टाकत नाही. आईंच्या हातात एक्का आहे, अशी खात्री असल्याशिवाय तर नाहीच. माझ्याकडे चौकटचा राजा होता, तो मी टाकला. आईंनी अंगठ्याखालचं पान काढलं, ऐटीत चटईवर आपटलं, आणि पानं गोळा करायला हात पुढे केला. गुंजनने घाईने आपली चौकट दुर्री खाली टाकली.

"आजी! हा आमचा डाव!"

"तुमचा कसा? एक्का आहे माझा."

"बदामचा एक्का आहे आजी. चौकटला राजा मोठा. मेंढी आमची!"

आईंचा हात पानांवर तसाच राहिला. अण्णा पुढे वाकले. आणि तोंडातून निघून गेलं.

"अगं, बदाम काहून टाकलास? चौकटचा एक्का तुझ्याच हातात आहे!"

  आईंनी हातातली पानं छातीशी धरली.

"बघू," अण्णा म्हणाले.

"कशाला?"

"बघू म्हणतो ना." त्यांनी पानं आईंच्या हातातून सोडवून घेतली. चौकटचा एक्का काढला, बदामचा उचलला, दोन्ही त्यांच्यासमोर धरले. "ह्यातली चौकट कोणती?"

आई बघत राहिल्या. दोन्ही पानांवर मधोमध एकेक लाल ठिपका. त्यांनी हात लांबवला, पुन्हा आवरला. पत्त्याला बोट लावून काही कळत नाही. जिरं कळतं, ओवा कळतो, चिंचोका कळतो.

"डावीकडची," त्या म्हणाल्या.

उजवीकडची होती.

अण्णांनी पानं खाली ठेवली.  मग म्हणाले, "आणि ते कारलं? ते कसं दिसलं?"

"रोजच सरकवता ताटाखाली. त्यात बघायचं काय?"

"कधीपासून आहे हे?"

"तुम्हाला काय करायचंय? दगडाला डोळे असले काय, नसले काय."

मी तोंड उघडलं. पुस्तकातलं एक वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. गुंजनने माझ्या मांडीला चिमटा काढला. त्या पोरीचं भलं होवो.

अण्णा उठले. वळणीवरचं धोतर काढलं, घडी केली आणि कोपऱ्यातल्या पिशवीत ठेवलं. "शुक्रवारी गाडी आहे ना ती शिबिराची?" त्यांनी विचारलं. सवयीने माझ्याकडे वळले, मग पुन्हा आईंकडे. "चल. मी येतो."

आई म्हणाल्या, "आधी डाव पुरा करा. अजून एक मेंढी राहिलीय."

शुक्रवारी दोघं गाडीत बसले. खिडकीपाशी आई, बाजूला अण्णा, मांडीवर डबा. गाडीत चढताना अण्णांनी आईंचा हात धरला तो मला दिसला, पण मी लगेच दुसरीकडे बघितलं, कारण त्यांना कुणी बघितलेलं आवडलं नसतं. ऑपरेशन ठीक झालं. डाव्या डोळ्याचं पुढच्या खेपेला करायचं ठरलं.

पट्टी निघाल्यावर पहिला आठवडा आईंनी घर तपासण्यात घालवला. "हे डबे असेच असायचे का गं? मला वाटायचं स्टीलचा रंगच बदललाय." "हे जाळं केव्हाचं?" "तुझ्या ओट्यावर पाण्याचे डाग दिसतात हं, जुन्या दगडी ओट्यावर दिसत नव्हते." मी आत जाऊन भांडी घासत राहिले. कुणाचा डोळा उघडावा म्हणून आपण धडपडतो, तेव्हा तो उघडल्यावर कशावर पडेल याचा विचार केलेला नसतो.

अण्णांशी त्या आता बोलतात. बीपीवर बोलतात, पेन्शनवर, कारल्यावर, गुंजनच्या मार्कांवर. फक्त चटणी वाढताना पुन्हा छताकडे बघतात. "कुणाला तरी म्हणावं, मिक्सरची आहे. पाट्याची नाही." अण्णा मान खाली घालून खातात आणि मी निरोप पोचवते. एक्स्चेंज बंद झालेलं नाही, कामाचे तास कमी झालेत एवढंच.

परवा मी खोलीत गेले तर त्या खिडकीच्या उजेडात बसल्या होत्या, मांडीवर पुस्तक. मी आणलेलं, संवादाचं. चौकटीतली वाक्यं बोट ठेवून वाचत होत्या.

"आई, कसं आहे पुस्तक?"

"चांगलं आहे. तू वाचलंस का?"

"वाचलं ना. पूर्ण वाचलं."

त्यांनी मला बसायला लावलं, पान उलटलं. "मग ऐक. 'समोरचा माणूस बोलत असताना आपलं वाक्य तयार करत बसू नये.'" माझ्याकडे बघितलं. आता त्यांना चांगलं दिसतं. "'मला असं वाटतं,'" त्या अगदी पुस्तकाप्रमाणे म्हणाल्या, "'की ओव्याचा डबा कुणीतरी अजून फेकलेला नाही.'"

मी उठले आणि ओव्याचा डबा शोधायला गेले.